मूळ घराणे कोणाचे? बेल्हे परिसरातील थळ, मिरास आणि हाडकी-हाडोळा

गावाचा इतिहास म्हणजे गावातल्या पाच-दहा प्रतिष्ठित घराण्यांचा इतिहास, असे एक समीकरण आपल्याकडे रूढ झालेले आहे. अलीकडे तर घराण्यांचे इतिहास छापून काढण्याची प्रथाच पडली आहे. त्यात वंशावळ असते, कुलदैवत असते, देवक असते, आणि पहिल्या-दुसऱ्या पानावर हमखास एक मजकूर असतो : आमचा मूळ पुरुष अमुक मुलखातून येथे आला, त्याने रान तोडले, विहीर पाडली, जमीन वाहितीस आणली आणि मग गाव वसले. जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, आळेफाट्यापासून बेल्ह्यापर्यंत आणि पुढे आणे घाट चढून पठारावर गेलो तरी, लग्नाकार्यात, यात्रेच्या मानपानात आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत या 'मूळ' शब्दाला फार किंमत आहे. कोण मूळचा आणि कोण मागाहून आलेला, यावर पालखीला खांदा कोणी द्यायचा हे अजूनही ठरते.

रान तोडणाऱ्याच्या श्रमाची मला टिंगल करावयाची नाही. बेल्हे परिसराची जमीन पूर्वी कालव्याची नव्हती. बाजरी, मटकी, हुलगा पिकवून जगणाऱ्या कोरडवाहू मुलखात पहिला नांगर घालणे हे खरोखरीच पराक्रमाचे काम होते. माझा प्रश्न वेगळा आहे. हा मूळ पुरुष आला तेव्हा त्याला शीव कोणी दाखविली? गावाचा पहिला कागद झाला तेव्हा साक्षीला कोण उभे होते? आणि ज्याने शीव दाखविली त्याच्या घराण्याला 'मूळ' म्हणण्याची पद्धत आपल्याकडे का पडली नाही? या प्रश्नांची उत्तरे भावनेने देता येणार नाहीत. त्यासाठी जमिनीच्या कागदांची भाषा समजून घेतली पाहिजे. कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना ती समजावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

जुन्नरच्या जमिनीचा लिखित पुरावा आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ जुना आहे, आणि तो बौद्ध लेण्यांच्या भिंतींवर कोरलेला आहे. मानमोडीच्या डोंगरातील एका शिलालेखात अदुथुम नावाच्या शकाने दिलेल्या दानाची नोंद आहे. वडालिका गावातील वीस निवर्तने जमिनीचे उत्पन्न करंजाच्या झाडांसाठी आणि कटपुतक गावातील नऊ निवर्तनांचे वडाच्या झाडांसाठी, असा त्याचा तपशील आहे. म्हणजे सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी या तालुक्यात जमीन मोजलेली होती, तिला गावाचे नाव होते, तिचे उत्पन्न ठरलेले होते आणि ते संघाला देता येत होते. ज्या जमिनीचे उत्पन्न दान दिले, ती कसत कोण होते, हे शिलालेख सांगत नाही. दात्याचे नाव दगडावर राहते, कसणाऱ्याचे राहत नाही. ही परंपरा तेव्हापासूनची आहे. तरीही घराणेइतिहासाच्या लेखकांनी एकदा लेण्याद्रीच्या आणि मानमोडीच्या पायऱ्या चढाव्यात. त्यांच्या मूळ पुरुषाच्या कितीतरी आधी येथे वाहिती जमीन होती, हे त्यांना तेथे वाचता येईल.

मग मूळ पुरुष 'रान तोडून' गाव कसे वसवतो? याचे उत्तर दुष्काळात आहे. दख्खनच्या इतिहासात गावे एकदाच वसली आणि तशीच राहिली असे झालेले नाही. ती उजाड झाली, पुन्हा वसली, पुन्हा उजाड झाली. परंपरेनुसार १३९६ पासून बारा वर्षे दुर्गादेवीचा दुष्काळ पडला. ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात लिहिले आहे की त्यानंतर बहामनी सरकारने १४२९ च्या सुमारास मलिक-उत्-तुजार याला मुलूख पुन्हा वसविण्यासाठी पाठविले. त्याच्याबरोबर दादो नरसू नावाचा ब्राह्मण आणि एक तुर्की खोजा होता. जुन्या शिवा विसरल्या गेल्या होत्या, म्हणून त्यांनी दोन-दोन तीन-तीन गावे एकत्र करून नवी गावे बांधली. जो कसेल त्याला जमीन दिली. पहिल्या वर्षी सारा नाही, दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे एक तोबरा धान्य. घोड्याच्या तोंडाला चंदी बांधण्याची पिशवी ती तोबरा. पुढे निजामशाहीत मलिक अंबरने, ज्याने काही काळ जुन्नरलाच राजधानी ठेवली होती, जमीनमहसुलाची नवी घडी बसविली. त्यानंतर १६३० ते १६३२ चा भीषण दुष्काळ आला. पुणे प्रांतात पुन्हा गावे ओस पडली आणि पुन्हा कौल देऊन रयत बोलावावी लागली. पहिल्या वर्षी थोडा सारा, मग दरवर्षी चढता, असा जो करार होई त्याला इस्तावा म्हणत.

तेव्हा आज जी घराणी स्वतःला मूळ म्हणवितात, त्यांतली पुष्कळशी अशा कुठल्यातरी कौलाने आलेली असणार. ती मूळ आहेत ती एका वसाहतीची, जमिनीची नव्हेत. हा भेद लक्षात ठेवला पाहिजे.

आता थळ आणि मिरास. इंग्रजी राज्य आल्यावर कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने दख्खनच्या गावांची पाहणी केली आणि १८३५ साली येथील जमीनधारणेवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याला गावोगाव 'थळझाडे' नावाचे जुने कागद सापडले. गावची जमीन थळांत विभागलेली असे. प्रत्येक थळाला ते पहिल्यांदा धारण करणाऱ्या घराण्याचे नाव. ते घराणे नष्ट झाले, परागंदा झाले, तरी थळाचे नाव तेच राही. अशा जमिनीला गतकूळ म्हणत. कूळ गेले, नाव राहिले. दुसरा कोणी ती जमीन कसू लागला तरी कागदावर पहिल्याचेच नाव चालू राही. वसाहत करणाऱ्या घराण्याचा हक्क किती खोल मानला जात होता, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही.

या थळकऱ्यालाच मिरासदार म्हणत. तो सारा भरीत आहे तोवर त्याला जमिनीवरून काढता येत नसे. जमीन विकता येई, गहाण टाकता येई, मुलांना देता येई. वर्षानुवर्षे गाव सोडून गेला तरी परत आल्यावर तो आपली मिरास मागू शके. याउलट उपरी. तो बाहेरचा, वर्षाच्या कराराने कसणारा, आणि गावसभेत त्याला बसायला मान नाही. १८१९ सालच्या अहवालात एल्फिन्स्टनने या मिरासदारांचे सविस्तर वर्णन केलेले आहे. पण उपऱ्यालाही मार्ग बंद नव्हता. गतकुळाची जमीन गावाकडून घेऊन, मिरासपत्र करून, तो दोन पिढ्यांत मिरासदार होऊ शके. महात्मा फुल्यांचे घराणे हे याचे जवळचे उदाहरण आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे गोऱ्हे. गावच्या कुलकर्ण्याशी वैर आल्याने गाव सोडले, पुरंदरातील खानवडीला आले, तेथून पुण्यास आले, फुलांचा धंदा केला म्हणून फुले झाले, आणि पेशव्यांकडून ३५ एकर जमीन इनाम मिळविली, असे चरित्रकार सांगतात. दोन ठिकाणी उपरे होऊनही घराणे जमिनीवर उभे राहिले. ते शूद्र होते, त्यांचा छळ झाला, पण गाव बदलले की त्यांना नवी जमीन धरता येत होती.

महाराला हे शक्य होते काय? गाव सोडून मुंबईला, रेल्वेला, गोदीत, किंवा त्याआधी पलटणीत तो जाऊ शके, आणि गेलाही. पण दुसऱ्या गावात जाऊन गतकुळाची जमीन मागून मिरासदार होणे त्याच्यासाठी नव्हते. त्याचा जमिनीवरचा हक्क कसण्याने येत नसे. तो येई चाकरीने, आणि ती चाकरी एकाच गावाची, जन्माने बांधलेली. येथेच मिरास आणि वतन यांच्यातला फरक आहे. पाटलाचेही वतन होते, कुलकर्ण्याचेही होते, हे कोणी सांगेल. पण पाटलाचे वतन मानाचे आणि महाराचे वतन वेठीचे. एकाच शब्दाच्या पोटात मालक आणि गुलाम दोघांना कोंबल्यामुळे आपल्यातल्या पुष्कळ वडीलधाऱ्यांनाही 'आम्ही वतनदार' असे म्हणताना छाती फुगवाविशी वाटे.

या वतनाच्या जमिनीचे नाव हाडकी-हाडोळा. नावातच हाड आहे. गावची मेलेली जनावरे जेथे ओढून टाकायची, जेथे हाडे पडायची, त्या बाजूची जमीन महाराला. बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार पुणे-नगर जिल्ह्यांत प्रसिद्ध आहे. बैलाची किंमत, त्याचे दात, वशिंड, खोंडाची चाल यांवर तेथे मोठ्या रसाने चर्चा चालते. बैल जिवंत असेपर्यंत तो कुणब्याचे वैभव. मेल्यावर तोच बैल महाराचे वतन. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा म्हटले, तेव्हा गावाने त्याला वतनाचा भंग मानले, ते यामुळे.

चाकरी कसली, तर हिशेब न करता येण्याजोगी. शीव राखणे, सरकारी सारा तालुक्याला पोचविणे, गावात आलेल्या अंमलदाराची व्यवस्था, मेल्याची वर्दी परगावी नेणे, चावडी झाडणे, लाकडे फोडणे, रात्री वेशीवर जागणे. माझे आजोबा बेल्ह्याच्या बाजाराला जाणाऱ्या एका लहान गावचे येसकर होते. भावकीत पाळी लागे, आणि वतनातला त्यांचा हिस्सा ते आण्या-पैत सांगत. हिस्सा पैचा असला तरी पाळी पुरती वर्षाची. त्या वर्षी घरातले कोणीच मोकळे नसे. आजोबा टपाल घेऊन जुन्नरला गेलेले असले, की चावडीवर चुलत्यांना उभे राहावे लागे, आणि संध्याकाळी भाकरी गोळा करायला आजीने जायचे. वतन आजोबांच्या नावावर होते, चाकरी सगळ्या घराच्या.

हीच गोष्ट बाबासाहेबांनी कायदेमंडळात मांडली. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक त्यांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात मांडले. चाकरी कोणती ते ठरवून द्या, बलुत्याऐवजी रोख रक्कम साऱ्याबरोबर वसूल करा, आणि ज्या महाराला चाकरी नको असेल त्याला पूर्ण सारा घेऊन जमीन रयतेप्रमाणे द्या, असा त्याचा आशय होता. वरवर पाहता ही साधी महसुली दुरुस्ती वाटते. पण तिने गावगाड्याचे मर्म धरले होते. चाकरी सोडूनही महार जमीन राखू शकला, की तो मिरासदाराच्या पंक्तीला बसतो. विधेयक निवड समितीकडे गेले, त्याचे रूप पालटले आणि १९२९ साली बाबासाहेबांनी ते मागे घेतले. त्याच्या आधीच, १९२७ साली, 'बहिष्कृत भारता'त त्यांनी महार वतनाची चिकित्सा केली होती. पुढे सरकारने वतनजमिनीवरची जुडी वाढविली, तेव्हा १६ डिसेंबर १९३९ रोजी हरेगाव येथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. जुडी म्हणजे इनाम जमिनीवरचा कमी दराचा सारा. चाकरी तेवढीच आणि सारा मात्र वाढता, असा तो दुहेरी फास होता.

मूळ कोण, या प्रश्नालाही बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात हात घातला. स्थिरावलेल्या जमाती आणि लढायांत मोडून पडलेल्या जमातींची विखुरलेली माणसे, असे दोन गट त्यांनी कल्पिले. स्थिरावलेल्यांना राखणीची गरज, विखुरलेल्यांना आसऱ्याची. म्हणून ही माणसे वेशीबाहेर वसली आणि पहारा करू लागली. दुवे निखळलेले असतील तेथे तर्काने ते जोडण्याचा अभ्यासकाला अधिकार आहे, असे त्यांनी प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे. हा सिद्धान्त सर्वांनी स्वीकारलेला नाही, आणि जॉन विल्सनसारख्यांनी तर महाराष्ट्र या नावाचा संबंधच महारांशी जोडला होता. मला स्वतःला बेल्हे-आणे परिसरात फिरताना असे वाटते की आपल्या कामासाठी कोण आधी आला हे सिद्ध करण्याची गरज नाही. शिवेच्या प्रत्येक तंट्यात महाराची साक्ष लागे, महजरावर बलुतेदारांची नावे येत, हे पुरेसे आहे. थळकरी पळून गेला, दुष्काळात गाव ओस पडले, जुन्या शिवा विसरल्या गेल्या असे डफ म्हणतो. पण गाव पुन्हा वसले की शीव दाखवायला गावाने ज्याच्याकडे तोंड वळविले तो महारच होता. गावाची आठवण त्याच्याकडे आणि जमीन दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी आहे.

सत्यशोधकांचा वारसा सांगताना आपण याच तालुक्याचे नाव अभिमानाने घेतो. ओतूर हे त्यांचे केंद्र होते. १८८० च्या दशकात जुन्नर तालुक्यातील कुळांनी सावकार-जमीनदारांच्या जमिनी कसायच्या नाहीत असा निर्धार करून त्यांना जेरीस आणले होते. तो लढा मोठाच होता. पण तो कसणाऱ्या कुळाचा होता. ज्याला कूळ म्हणूनही जमीन मिळत नव्हती त्याला त्यात औत उभे करण्याचा प्रश्नच नव्हता. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ सालचा. त्यानंतरही अस्पृश्याच्या जमिनीचा प्रश्न कायद्याच्या दारात यायला पंचेचाळीस वर्षे लागली.

स्वातंत्र्यानंतर वतने गेली. कुलकर्णी वतन १९५१ मध्ये, महार-रामोशांसारख्यांची कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने १ ऑगस्ट १९५९ पासून, आणि पाटलकी १ जानेवारी १९६३ पासून. या कनिष्ठ वतनाच्या कायद्याचा आपल्या जमिनीवर काय परिणाम झाला, ते येथे जरा सावकाश सांगतो. कारण आजचे बहुतेक तंटे त्यातूनच निघतात.

इनामांचे महसूल खात्याने वर्ग पाडलेले होते. सुतार-लोहार यांच्यासारख्या रयतेच्या उपयोगी पडणाऱ्यांचे इनाम वर्ग ६ अ, आणि सरकारच्या उपयोगी पडणाऱ्या महार-रामोशांचे वर्ग ६ ब. १९५९ साली ६ ब च्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि वतनदाराने आकाराच्या तिप्पट रक्कम भरली, की त्या त्याला परत द्यायच्या असे ठरले. याला पुनःप्रदान किंवा रीग्रँट म्हणतात. परत मिळालेली जमीन नवीन अविभाज्य शर्तीची. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि सरकार ठरवील तो नजराणा भरल्याशिवाय ती विकता येत नाही, आणि सरसनिरस वाटपही करता येत नाही. सातबारावर आज ती भोगवटादार वर्ग २ म्हणून दिसते.

तिप्पट आकार म्हणजे फार मोठी रक्कम नव्हती. कोरडवाहू जमिनीचा आकारच थोडा. पण नोटीस चावडीवर लागली, आणि वतनदार मुंबईला गिरणीत किंवा खडकीच्या कारखान्यात. ज्याला वाचता येत नव्हते त्याला ती वाचून दाखविणारा तोच, ज्याचा त्या जमिनीवर डोळा होता. पुष्कळांची रक्कम मुदतीत भरलीच गेली नाही.

दुसरे आणखी कडू आहे. वतनदाराजवळ बैल नसत. म्हणून त्याने आपली हाडकी गावातल्याच एखाद्या कुणब्याला अर्धेलीने किंवा खंडाने दिलेली असे. वतन रद्द झाले तेव्हा कायदेशीर पट्ट्याने चालू असलेल्या अशा जमिनींना कूळकायदा लागू झाला. कसेल त्याची जमीन, ही आपण सगळ्यांनी दिलेली घोषणा. तिने हजारो कुळांना माणूस केले, हे मी नाकारणार नाही. पण येथे कसणारा होता दांडगा आणि मालक होता येसकर. न्यायाच्या एका तत्त्वाने आपलीच जमीन आपल्या हातून गेली. शिवाय याच कायद्याच्या नवव्या कलमात, अनधिकृत कब्जेदाराला काढून टाकावे असे म्हटल्यावर पुढे अशी सोय ठेवली आहे, की त्याने जमिनीत सुधारणा केल्यामुळे काढणे फार जाचक होईल असे राज्य सरकारला वाटल्यास, पैसे घेऊन जमीन त्यालाच द्यावी. विहीर पाडण्याची ऐपत ज्याची, त्याची सुधारणा. पहिला नांगर घालणाऱ्या मूळ पुरुषाचीच कथा कायद्याच्या भाषेत पुन्हा लिहिली गेली, एवढेच.

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे जे सत्याग्रह केले, त्यांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. लाखांच्या घरात माणसे तुरुंगात गेली. मागणी वतनाची नव्हती, पडीक व गायरान जमिनीची होती. पहिल्यांदाच दलिताने गावाकडे चाकरीच्या मोबदल्यात नव्हे, तर कसणारा म्हणून जमीन मागितली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा १९९१ सालचा शासननिर्णय हे त्याचेच लांबचे फळ. दादासाहेबांच्या नावाने २००४ मध्ये सुरू झालेली योजना, भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत, कागदावर चांगली आहे. पण सरकारने ठरविलेल्या भावात जमीन विकायला तयार असणारा माणूस आमच्या भागात सापडत नाही. पिंपळगाव जोगे धरणाचा डावा कालवा बेल्हे परिसरातून पारनेरकडे गेला आणि कांद्याने जमिनीला जो भाव आणला, त्यानंतर तर नाहीच.

हाच भाव आता नवीन शर्तीच्या मुळाशी आला आहे. शर्त काढून टाका, आम्हाला आमची जमीन विकू द्या, अशी मागणी आपल्यातूनही होते. तिच्यामागे खरी अडचण आहे. अविभाज्य शर्तीमुळे एका गटात तीसचाळीस नावे लागलेली असतात, कोणाचा कोणता तुकडा ते ठरत नाही, आणि कर्ज मागायला गेलेल्या माझ्या चुलतभावाला एका संस्थेने सातबारा पाहूनच परत पाठविले. तरीही विक्री मोकळी करण्याला माझा विरोध आहे. २०२५ साली पुण्याजवळच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतन जमिनीच्या व्यवहारावरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले, ते ताजे आहे. शर्त असताना हे होते, तर ती उठल्यावर शहरालगतची एकही हाडकी राहणार नाही. वाटपाला आणि पीककर्जाला मोकळीक द्यावी, विक्रीचा अडसर राहू द्यावा. हे मत आमच्या भावकीतच सर्वांना पटत नाही, आणि ज्यांच्या लेकीचे लग्न अडलेले आहे त्यांना मी ते फार जोराने सांगूही शकत नाही.

जे विद्यार्थी आपल्या गावचे हे काम हाती घेतील, त्यांच्यासाठी काही व्यवहारातल्या गोष्टी. सातबारापासून सुरुवात करू नये. त्यावर गट नंबर आहे, आणि गट हे १९४७ च्या कायद्याखाली झालेल्या एकत्रीकरणातून आलेले आहेत. जुना सर्व्हे नंबर वेगळा. आधी तलाठ्याकडे गाव नमुना ३ मागावा. ती दुमाला म्हणजे इनाम जमिनींची नोंदवही असते. मग एकत्रीकरणाच्या कागदांवरून जुना नंबर नव्याशी जुळवावा. मग गाव नमुना ६ मधले फेरफार, १९५९ च्या मागचे आणि पुढचे, एकेक करून उतरवून घ्यावेत. रीग्रँटचा आदेश, रक्कम भरल्याची नोंद आणि शर्तीचा शेरा या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या असतात. एक आहे म्हणून दुसरी असेलच असे धरू नये. कडईपत्रक मिळाले तर वतनातले हिस्से त्यात दिसतात.

आणि त्यात बायकांची नावे शोधावीत. फार थोडी सापडतील, त्याचे कारण सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वीचे आहे. १८८६ च्या दुरुस्ती कायद्याने वतनदार घराण्यातल्या स्त्रीचा वारसा, शेवटच्या पुरुष धारकाची विधवा सोडून, पुरुषांच्या मागे ढकलला. पाटलाच्या मुलीला जे लागू तेच महाराच्या मुलीला. येसकरपाळीच्या वर्षी भाकरी गोळा करणाऱ्या आजीचे नाव आमच्या कोणत्याही कागदात नाही. मात्र हाडकीचा कोणता बांध कोणाचा, बाभळ कोठे होती, गटवारीत कोणते शेत कोणाकडे सरकले, हे सगळे तिला पाठ होते. आमच्याकडचा नकाशा आम्ही तिच्याच सांगण्यावरून काढला, आणि भूमी अभिलेखाच्या नकाशाशी ताडून पाहिल्यावर दोन ठिकाणी फरक निघाला. त्यातल्या एका ठिकाणचा दगड शेजारच्या विहिरीच्या बांधकामात सापडला आहे. मोजणीचा अर्ज दिलेला आहे.